व्याह्यांची चांदणी

काशिरामशेटचा फोन दुखवट्याच्या घरात वाजला आणि तिथून हे सगळं रामायण सुरू झालं.

वाजला म्हणजे साधासुधा वाजला नाही. मंडळी माना खाली घालून बसलेली, आतून बायकांचे हुंदके ऐकू येतायत, आणि अशात काशिरामशेटच्या खिशातून लग्नाच्या हळदीत नाचायचा बेंजो सुरू झाला. मेसेज आल्याची ही धून पुतण्या प्रणितने हौसेने बसवून दिली होती. एकच मेसेज आला असता तर खोकून निभावता आलं असतं. पण नेमका त्या वेळी भावकीच्या ग्रुपवर कुणाचा तरी वाढदिवस चालू होता. केक, फुगे, जोडलेले हात, पुन्हा केक, आणि प्रत्येकामागे बेंजो. शेवटी कोपऱ्यात डोळे पुसत बसलेल्या एका आजीबाईंचा पाय आपोआप ताल धरू लागला, तेव्हा काशिरामशेट उठले आणि चपला हातात घेऊनच घरी आले.

"हा फोन मी खाडीत टाकणार!" त्यांनी फोन टेबलावर आपटला.

"टाका की," आशालताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आन संध्याकाळी नवा आणाला जा."

कामोठ्याच्या जुन्या गावात काशिरामशेटचा तीन मजली बंगला आहे. बापाच्या शेतावर आता इमारती उभ्या आहेत आणि तसल्याच नव्या इमारतींना काशिरामशेट वाळू-खडी पुरवतात. माणूस दिलदार. नाही म्हणता येत नाही, हा एवढा एक आजार. त्यामुळे ज्याने ज्याने ग्रुपात घातलं त्याच्या त्याच्या ग्रुपात ते जाऊन बसले होते. भावकी, मंदिर, क्रिकेट, डंपरवाले, आणि एक तर कुठल्याशा गावच्या भजनी मंडळाचा, ज्यातलं एकही माणूस त्यांच्या ओळखीचं नव्हतं.

त्यांची सून किशोरी जवळच्याच सेक्टरात मुलांच्या शिकवण्या घेते. तिने फोन उचलला. "पप्पा, यात फोनचा काय दोष? तुम्ही सगळ्यांना घंटा वाजवायची परवानगी दिलीय. आता मी असं करते, ज्याच्या नावापुढे चांदणी, त्याच्याच मेसेजची बेल वाजेल. बाकीचे मेसेज येतील, पण गुपचूप. तुम्हाला सवड झाली की वाचा."

"आन फोन आला तर?"

"फोन सगळ्यांचे वाजतील. फक्त मेसेजला चांदणी लागेल. आता सांगा, कुणाकुणाला देऊ? चार-पाचच नावं सांगा हं. सगळ्यांना दिलीत तर बेंजो आहेच."

काशिरामशेट सावरून बसले. "पहिली तुझ्या सासूला. नायतर मना जेवाला कोण घालंल?"

"ऐकतेय मी," आतून आवाज आला.

"दुसरी आपल्या वल्लरीला. तिसरी रामूला, डंपर कुठं रुतला तर कळाला पायजे. आन चौथी गोदूबाईला."

किशोरीचा अंगठा थांबला. "कोण, मावरंवाली गोदूबाई?"

"मग! तिचा दिवसातनं एक मेसेज येतो. पाच मिनिटं उशीर केला की पापलेट दुसऱ्याच्या तव्यावर."

"आणि वल्लरीचे सासरे? दिनानाथकाका?"

आता वल्लरी म्हणजे काशिरामशेटची धाकटी लेक. तिचं जासईच्या निकेशशी ठरलं होतं, तारीख तेवढी धरायची बाकी होती. निकेशचे वडील दिनानाथशेट यांचे ट्रेलर कंटेनर यार्डात चालतात. भारी माणूस, मिशीही भारी आणि मानपानाला त्याहून भारी.

"व्याही देवमाणूस हाय," काशिरामशेट म्हणाले, "पण पाठवतो काय? सकाळी फूल, दुपारी सुविचार, संध्याकाळी हसणारं पोर. पोरी, फोनातलं फूल रात्री बघितलं तरी तेवढंच ताजं असतं. मावरं नसतं."

खरं सांगायचं तर या बोलण्यात काडीची चूक नव्हती. उशीर झाला तर जे नासतं, त्याचीच बेल वाजावी, यापेक्षा शहाणपण ते काय असतं? किशोरीनेही हसून चार चांदण्या लावल्या आणि घरात शांतता पसरली. दुपारची झोप कशी असते हे काशिरामशेटना नव्याने कळलं.

हे सुख त्यांनी गुपचूप भोगलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण सुख सांगितल्याशिवाय पचत नाही. नाक्यावर चहा पिताना त्यांनी प्रणितला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आता आपल्याकडं चांदणी असल तरच बेल वाजते. बाकीच्यांनी रांगेत थांबायचं!" प्रणितने कप खाली ठेवायच्या आत ही बातमी भावकीच्या ग्रुपवर टाकली.

झालं! आमच्याकडे लग्नपत्रिकेत नाव दुसऱ्या ओळीत गेलं म्हणून एकमेकांच्या दारातलं पाणी न पिणारी घरं आहेत. मांडवात नारळ आधी कुणाच्या हातात दिला, यावर मारामाऱ्या झाल्यात. तिथे काशिरामशेटच्या फोनात चांदणी कुणाला आणि कुणाला नाही, हा प्रश्न साधा कसा राहील? ग्रुप पेटला. 'मोठ्या भावाला चांदणी हाय का?' 'मामाचा मान आधी.' 'पैसा आला, माणसं विसरली.' दोन दिवस नुसता धुरळा उडत होता. आणि ज्यांच्या नावाने उडत होता त्यांना पत्ताच नव्हता, कारण ग्रुपची बेल बंद होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी चुलतभाऊ कमलाकरदादा दारात उभे राहिले. वयाने मोठे, आवाजाने त्याहून मोठे.

"काशा, मना चांदणी हाय का नाय, एवढं सांग. मी आत येत नाय."

काशिरामशेटचा तो जुना आजार उसळला. "दादा, काय बोलता! तुमची नसल तर कोणाची असल? या, चहा घ्या."

दादा चहा पिऊन, मिशा पुसून गेले. मग मामा आले. मंदिराचे अध्यक्ष आले. क्रिकेटवाली पोरं आली. काशिरामशेटनी प्रत्येकाला तोंडभरून 'हाय ना!' सांगितलं आणि चांदणी एकालाही दिली नाही. बोलायला कुठं पैसे पडतात?

हा बोभाटा जासईपर्यंत पोचला. दिनानाथशेटचा फोन आला. "व्याही, चांदण्या वाटतायत असं ऐकलं. आमची हाय ना?"

"तुमची? अवो, तुमची सगळ्यात वर!"

फोन ठेवल्यावर किशोरी म्हणाली, "पप्पा, यांना तरी खरंच देऊन टाकते. एका मिनिटाचं काम आहे."

"नको गं बाई! दिवसभर फुलं वाजतील. त्यांना काय माझ्या फोनात डोकावून बघायचंय?"

रविवारी तारीख धरायला जासईची मंडळी आली. हॉलमध्ये सोफे सरकवून खुर्च्या मांडलेल्या. एका बाजूला दिनानाथशेट, त्यांचे भाऊ, त्यांच्याकडच्या बायका आणि नवा शर्ट घालून अवघडलेला निकेश. दुसऱ्या बाजूला कमलाकरदादा आणि आपापल्या चांदणीच्या भरवशावर आलेली झाडून सारी भावकी. मध्ये टीपॉयवर भटजीकाकांचं पंचांग, आणि पंचांगाशेजारी काशिरामशेटचा फोन.

चहा झाला. भटजीकाकांनी चष्मा लावला. तेवढ्यात दिनानाथशेटनी खिशातून आपला फोन काढला. "व्याही, एक गंमत करू. मी तुमाला मेसेज टाकतो. जरा वाजू दे. माझा भाऊ बोलतो चांदणी-बिंदणी काय नसते. त्याला ऐकू दे."

काशिरामशेट घाईने म्हणाले, "अवो, आता कशाला? भटजीकाका खोळंबलेत."

"एका फुलाला किती वेळ लागतो?" म्हणत दिनानाथशेटनी फूल पाठवलं.

टीपॉयवरच्या फोनचा पडदा उजळला. कमळाचं टपोरं फूल दिसलं. पडदा विझला. आवाज शून्य.

"रेंज नसल," काशिरामशेट म्हणाले.

"फूल आलं, आन रेंज नाय?" दिनानाथशेटच्या भावाने विचारलं.

"थांबा, थांबा!" कमलाकरदादा पुढे सरसावले. "मी टाकतो. माझी तर पक्की हाय, सवता सांगितलंय यानं." त्यांनी मेसेज टाकला. पडदा उजळला, विझला. दादांनी स्वतःच्या फोनकडे पाहिलं, मग काशिरामशेटकडे पाहिलं. मग मामांनी टाकला. मग अध्यक्षांनी. बघता बघता हॉलभर अंगठे चालू लागले. टीपॉयवरचा फोन एकसारखा लुकलुकत होता आणि मुका होता. किशोरीने ओढणी तोंडाशी धरली आणि खिडकीबाहेर पाहायला लागली.

आणि अचानक बेंजो वाजला!

"वाजली!" काशिरामशेट जवळजवळ ओरडलेच. "बघा, वाजली ना! जरा उशिरा वाजते."

"कोणाची?" म्हणून दिनानाथशेटनी फोन उचलला. पडद्यावर नाव होतं, 'गोदूबाई मावरं'. त्यांचा जाड अंगठा नावाखालच्या बोलक्या मेसेजवर पडला आणि गोदूबाईचा खणखणीत आवाज हॉलभर घुमला.

"शेट, जिताडा आलाय! खाडीतला, मांडीएवढा! तिघीजणी समोर उभ्या हायेत, झटकन बोल!"



"म्हणजे आमी सगळे मुके," कमलाकरदादा हळूच म्हणाले, "आन बोलणारी एक मावरंवाली."

दिनानाथशेट चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे फोन जागेवर ठेवला, कप बशीत ठेवला. "भटजीकाका, पंचांग मिटा. तारखेचं मागनं बघू."

स्वयंपाकघराच्या दाराशी वल्लरी उभी होती. तिने निकेशकडे पाहिलं. निकेश पंख्याकडे पाहत होता. तिचे डोळे भरून आले आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.  आपल्या तोंडाच्या एका फुशारकीपायी पोरीचं जमलेलं लग्न हातातून चाललंय, हे काशिरामशेटना लख्ख कळलं आणि स्वतःचाच भयंकर राग आला. पण रागाने काय होणार? जिभेने घोळ घातला होता, तर निस्तरायलाही शेवटी जीभच पुढे आली.

"व्याही, बसा! तो जिताडा कोणासाठी हाय, ते तरी विचारा!"

दिनानाथशेट अर्धे उठले होते, ते तसेच थांबले.

इथे बाहेरच्या वाचकांना एक सांगायला हवं. आमच्या भागात जिताडा ही नुसती मासळी नव्हे. ज्याचा मान राखायचा, त्याच्या घरी जिताडा जातो. साहेबांकडे काम असलं की जिताडा, नवा जावई आला की जिताडा. घरच्यांनी आपला बोंबील खावा.

"तुमच्यासाठी हाय तो!" काशिरामशेटचा आवाज आता चढला. "चार दिवस तिच्या मागं लागलोय. व्याही यायचेत, मना खाडीतलाच जिताडा पायजे. तिची बेल चुकली असती तर तुमचा जिताडा आज दुसऱ्याच्या घरात शिजला असता. म्हणून तिला चांदणी! अवो, ज्याचा मान करायचा त्याची बेल कशाला वाजाला पायजे? जिच्याकडनं मान आणायचा, तिची वाजाला पायजे!"

 किशोरीने मान वळवून सासऱ्याकडे आदराने पाहिलं. दिनानाथशेटची मिशी एका बाजूने जरा वर गेली.

"माझ्यासाठी?"

"मग काय माझ्यासाठी? मना कोण विचारतो!"

"असं असल तर चला," दिनानाथशेट उठले. "मी पण येतो बाजारात. डोळा बघितल्याबिगर मी जिताडा घेत नाय."

 आत आशालताबाईंनी मटणाच्या टोपावर झाकण आपटलं.

पनवेलला उरण नाक्याच्या मच्छी मार्केटात गोदूबाई आपल्या जागेवर ऐटीत बसली होती. समोर फळीवर जिताडा चमकत होता आणि एक बाई त्याच्या शेपटीला हात लावून भाव पाडत होती. काशिरामशेटनी व्याह्यांच्या पाठीमागून डोळे मिचकावले, हात जोडले, मान हलवली, जे जमेल ते सगळं केलं.

दिनानाथशेटनी आधी जिताड्याचा डोळा पाहिला, मग गोदूबाईचा. "काय बाई, आमच्या व्याह्यांनी हा कधी सांगून ठेवला होता?"

 गोदूबाईने काशिरामशेटचा घामाने डबडबलेला चेहरा पाहिला. मग दिनानाथशेटच्या गळ्यातली साखळी पाहिली. मग शेपटीला धरून उभ्या असलेल्या बाईच्या हातातून शेपटी हळूच सोडवून घेतली.

"कधी काय इचारता शेट? अवो, आठवडाभर माझा जीव खाल्ला! माझं व्याही येणार, माझं व्याही येणार! मी बोलली, शेट, व्याही हाय का गणपती?"

दिनानाथशेटचा चेहरा फुलला. "व्याही, तुमी तर चार दिवस बोलला होतात."

"मना मोठेपणा सांगाला आवडत नाय," काशिरामशेट म्हणाले.

मग गोदूबाईने भाव सांगितला. एरवी तो भाव ऐकून काशिरामशेटनी 'यात होडी पण देतेस काय?' असं विचारलं असतं आणि अर्ध्यावर आणून सोडलं असतं. पण व्याह्यांच्या मानाच्या जिताड्याला व्याह्यांच्याच समोर घासाघीस करायची म्हणजे पुन्हा पंचांग मिटलं. त्यांनी हसत हसत पाकीट काढलं. गोदूबाईनेही हसत हसत घेतलं. तिचं हसणं जास्त खरं होतं.

जिताडा घरी आला, कापला गेला, शिजला. कमलाकरदादांच्या ताटात जिताड्याचं मानाचं डोकं वाढलं, तेव्हा त्यांचीही कुरकुर थांबली. जेवणं झाली, पंचांग पुन्हा उघडलं, तारीख धरली. वल्लरी पदर सावरत सगळ्यांच्या पाया पडली, आणि काशिरामशेटच्या पाया पडताना हळूच म्हणाली, "बाबा, परत असं करू नका हां. जीव जातो."

"नाय करत गं," ते म्हणाले, आणि त्या क्षणी त्यांना ते मनापासून वाटलं होतं.

निघताना दिनानाथशेट फार खुशीत होते. "त्या बाईला मी माझा नंबर देऊन आलोय," ते गाडीत बसता बसता म्हणाले. "काय आलं की मना पण मेसेज टाकणार हाय."

गोदूबाईने शब्द पाळला. पुढच्या रविवारी बेंजो वाजला, मोठी सुरमई आली होती. काशिरामशेट पिशवी शोधेपर्यंत दिनानाथशेटचा फोन. "व्याही, मी उरण नाक्याला पोचलो. सुरमई बघतोय. या." आता पाव्हणा आपल्या पनवेलात येऊन उभा आहे, त्याला स्वतःच्या गाठीचे पैसे मोडू द्यायचे? मुलीकडच्यांनी? काशिरामशेट गेले, भाव न विचारता सुरमई घेतली आणि व्याह्यांच्या गाडीत ठेवली. स्वतः सुके बोंबील घेऊन घरी आले. त्याच्या पुढच्या रविवारी खेकडे. मग कोळंबी. मग पुन्हा जिताडा. लग्न लागलं, वल्लरी जासईला नांदायला गेली, तरी हे थांबेना. उलट आता तर लेकीचे सासरे. गोदूबाईच्या हातात नवी पाटली दिसायला लागली.

"ही बया मुद्दाम दोघांना एकदम मेसेज टाकते," काशिरामशेट एका संध्याकाळी किशोरीसमोर येऊन बसले. "माझं दिवाळं काढणार. व्याही आले की ती भाव सांगते आन मी मुका."

"मग गोदूबाईची चांदणी काढू?"

"तिची काढून काय होणार? व्याही फोन करतातच की. फोन वाजला म्हणजे ते बाजारात उभे हायेत. तवा 'मी घरात नाय' कसं बोलू? मागं आशालता ओरडत असते."

किशोरी विचारात पडली. "पप्पा, काका जासईहून निघताना काही कळवत नाहीत का?"

"कळवतात की. 'निघालो' म्हणून मेसेज टाकतात. पण त्याच्या वर-खाली इतकी फुलं असतात, मी बघेपर्यंत माणूस येऊन पोचतो."

 काशिरामशेट एकदम ताठ बसले. त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की आशालताबाई भाजी निवडायची थांबल्या.

"सूनबाई, व्याह्यांना चांदणी लाव. आत्ता लाव!"

"नक्की? फुलं वाजतील सगळी."

"वाजू दे! हजार फुलं वाजू दे, पण 'निघालो' चुकता कामा नये."

किशोरीने चांदणी लावली. काशिरामशेटनी स्वतः फोन करून ही खबर जासईला दिली, आणि या वेळी ती शंभर टक्के खरी होती. दिनानाथशेटनी खात्री करायला लगेच फूल पाठवलं, बेंजो वाजला, तो त्यांना पलीकडून ऐकू आला.  "व्याही, तुमी माणूस मोठा," एवढंच ते म्हणाले.

तेव्हापासून रविवार सकाळचा नेम ठरून गेला आहे. बेंजो वाजतो. 'व्याही, निघालो.' काशिरामशेट मेसेज उघडतात, सदरा चढवतात आणि "पेणच्या साइटवर जातोय" असं ओरडून चहा न पिता गाडीला किल्ली लावतात. व्याह्यांचा फोन येतो, तेव्हा ते खरोखरच पेणच्या वाटेवर असतात. त्यामुळे खोटं बोलायचीही वेळ येत नाही.

उरण नाक्यावर दिनानाथशेट स्वतःच्या पाकिटातून पैसे देतात आणि भावही सणसणीत पाडतात. मागच्या रविवारी गोदूबाईला राहवलं नाही. सुरमईचे तुकडे पिशवीत टाकता टाकता ती म्हणाली, "तुमचं व्याही हल्ली दिसत नाय ते? तुमाला विसरला का काय?"

"विसरतो कसला!" दिनानाथशेटनी मिशीवर हात फिरवला, खिशातून फोन काढला आणि सकाळच्या मेसेजवरच्या दोन निळ्या खुणा तिच्या नाकासमोर धरल्या. "हे बघ. टाकल्या टाकल्या वाचलाय. कामाचा माणूस हाय बाई, पण माझा मेसेज वाचल्याबिगर तो घराच्या भायेर पाय ठेवत नाय."